एम्बेडेड लिनक्सवर प्रोग्राम काहीही न सांगता बंद पडत असेल तर

लक्षण बहुतेक वेळा सारखेच असते. बोर्ड चालू आहे, दिवे लुकलुकत आहेत, सिरियल कन्सोलवर लॉगिनही मिळते. पण ज्या एका प्रोग्रामसाठी तो बोर्ड बसवला, तो मधूनच नाहीसा होतो आणि मागे ना त्रुटीचा संदेश राहतो, ना कोअर फाइल (प्रोग्राम मरतानाच्या त्याच्या मेमरीची प्रत), ना लॉगमध्ये एखादी ओळ. थोड्या वेळाने तो आपोआप पुन्हा सुरू झालेला असतो, त्यामुळे तक्रार येते तीही "मधला डेटा गायब आहे" अशी येते, "प्रोग्राम बंद पडला" अशी नाही.

मी ज्या प्रकरणाच्या आधारे हे लिहीत आहे, ते नाशिकजवळच्या द्राक्षांच्या एका शीतगृहातले आहे. ३२ बिटांचा आर्म प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, बिझीबॉक्सवर (लिनक्सच्या नेहमीच्या आज्ञांचा आटोपशीर संच) उभे केलेले छोटे लिनक्स आणि त्यावर सी भाषेतला एक प्रोग्राम. त्याचे काम एवढेच, की आरएस-४८५ च्या तारेवरून तीस ऊर्जामीटर वाचायचे आणि मोबाइल मोडेममधून दर पाच मिनिटांनी ते आकडे सर्व्हरला पाठवायचे. दोन-तीन दिवसांतून एकदा, बहुधा रात्री, हा प्रोग्राम जात असे. टेबलावरचा तसाच बोर्ड महिनाभर अखंड चालला, तरी तिथे एकदाही असे घडले नाही.

सर्वांत आधी बोर्ड रीस्टार्ट झाला की फक्त प्रोग्राम, हे वेगळे करावे. अपटाइम आज्ञा १९ दिवस सांगत असेल आणि पीएसच्या यादीत आपल्या प्रोग्रामचा प्रोसेस क्रमांक बूटनंतर मिळतो तसा दोन-तीन अंकी नसून चार-पाच अंकी दिसत असेल, तर बोर्ड शाबूत आहे आणि प्रोग्राम मधे केव्हातरी नव्याने जन्मला आहे. अपटाइमच शून्यावर आला असेल, तर शोध वीजपुरवठा, वॉचडॉग (अडकलेला बोर्ड रीसेट करणारा टायमर) किंवा कर्नल पॅनिक (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतःच कोसळणे) यांच्याकडे वळवावा लागतो. त्यासाठी कर्नलमध्ये पीस्टोअर आणि रॅमूप्स चालू करून ठेवावेत, म्हणजे पॅनिकच्या वेळचा कर्नल लॉग रॅमच्या राखीव तुकड्यात टिकतो आणि पुढच्या बूटनंतर वाचता येतो. मात्र वीजच गेली असेल तर त्या तुकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. पुढचे बहुतेक विवेचन केवळ प्रोग्राम जातो, या प्रकाराविषयी आहे.

प्रोग्राम गप्प जातो असे आपल्याला वाटते, पण लिनक्समध्ये कोणतीही प्रोसेस संपली, की ती कशामुळे संपली हे कर्नल तिच्या पालक प्रोसेसला सांगतोच. प्रश्न एवढाच, की पालकाने ते ऐकून कुठे लिहून ठेवले का. बिझीबॉक्सच्या इनिटॅबमध्ये (सर्वांत आधी सुरू होणाऱ्या इनिट या प्रोसेसच्या यादीत) रिस्पॉन असे लिहिले, की प्रोग्राम गेल्यावर इनिट त्याला इमानेइतबारे परत उभा करतो, अमुक क्रमांकाची प्रोसेस निघून गेली एवढे लॉगमध्येही टाकतो, पण कशामुळे गेली हे लिहीत नाही. म्हणजे आपल्याला हवी असलेली एकमेव माहिती त्याच्या हातात येऊन तिथेच संपते. सिस्टमडी असलेल्या बोर्डावर सिस्टमसीटीएल स्टेटस पाहिले, तर कोणत्या सिग्नलने (प्रोसेसला पाठवलेल्या क्रमांकित सूचनेने) ती गेली याची नोंद मिळते; लहान बोर्डांवर ती सोय सहसा नसते, तेव्हा ती आपणच करावी लागते.

म्हणून पहिली दुरुस्ती प्रोग्रामच्या सोर्समध्ये करू नये, तो सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये करावी. इनिटॅबमधून थेट प्रोग्राम न चालवता चार ओळींची एक रॅपर स्क्रिप्ट चालवावी: तिने प्रोग्राम सुरू करावा, तो संपेपर्यंत थांबावे, संपताक्षणी शेलच्या डॉलर-प्रश्नचिन्ह या चलातला आकडा (प्रोग्राम कसा संपला हे सांगणारा एक्झिट कोड), अपटाइम, मेमइन्फोतील उपलब्ध मेमरी आणि डीमेसेजच्या (कर्नल लॉग दाखवणाऱ्या आज्ञेच्या) शेवटच्या पन्नास ओळी एका फाइलला जोडाव्यात, सिंक आज्ञा द्यावी आणि मगच बाहेर पडावे. इथे चार जागी हमखास चुका होतात आणि त्यांतल्या दोन आम्हीही केल्या, म्हणून त्या सविस्तर सांगतो.

स्क्रिप्टमध्ये प्रोग्रामच्या आधी एक्झेक लिहिलेले असेल, तर शेल स्वतःच प्रोग्राम बनून जाते आणि नंतर नोंद करायला कोणी उरतच नाही. नोंदीची फाइल टेम्प किंवा व्हार-लॉगमध्ये ठेवली, तर अनेक बोर्डांवर त्या दोन्ही जागा रॅममध्येच असतात, आणि त्रासलेल्या माणसाने जागेवर वीज बंद-चालू केली, की पुरावा गेला. म्हणून ती फ्लॅशमधल्या लिहिता येणाऱ्या विभाजनावर ठेवावी. बोर्डावर घड्याळाची बॅटरी नसेल, तर बूटनंतर नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंत तारीख १ जानेवारी १९७० किंवा फर्मवेअर तयार झाल्याच्या दिवसाची दिसते, त्यामुळे तारखेसोबत अपटाइम लिहिणे अत्यावश्यक आहे. आणि चौथी चूक सर्वांत फसवी: प्रोग्रामचे आउटपुट पाइपने लॉगरकडे वळवलेले असेल, तर डॉलर-प्रश्नचिन्ह आपल्या प्रोग्रामचा नव्हे, पाइपमधल्या शेवटच्या आज्ञेचा, म्हणजे लॉगरचा, आकडा देते. आमच्या फाइलमध्ये पहिला आठवडाभर शून्य नोंदले जात होते आणि आम्ही "प्रोग्राम स्वतःहूनच नीट बाहेर पडतो आहे" अशा समजुतीने सोर्समधली प्रत्येक एक्झिट तपासत बसलो होतो. पाइप काढून आउटपुट फाइलकडे वळवले आणि पुढच्याच वेळी १४१ हा आकडा आला.

हा आकडा वाचायची रीत सोपी आहे. प्रोसेस सिग्नलमुळे मेली असेल, तर शेल १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून दाखवते. १३९ म्हणजे ११, सिगसेग्व्ह, आपला रोजचा सेगफॉल्ट, म्हणजे भलत्या मेमरीला हात लावणे. १३७ म्हणजे ९, सिगकिल, सक्तीने मारणे. १३४ म्हणजे ६, प्रोग्रामने स्वतःच अबॉर्ट केले. १३५ म्हणजे आर्मवर ७, सिगबस. १३२ म्हणजे ४, प्रोसेसरला न समजणारी सूचना. १४१ म्हणजे १३, सिगपाइप. १२७ आला, तर प्रोग्राम सुरूच झालेला नाही. फाइल डोळ्यांसमोर असूनही "नॉट फाउंड" दिसत असेल, तर बहुधा तिला लागणारा डायनॅमिक लोडर त्या बोर्डावर नाही, उदाहरणार्थ ग्लिबसीसाठी बांधलेली फाइल मसलच्या बोर्डावर नेली आहे (या दोन्ही सी भाषेच्या मूळ लायब्ररी).

सिगपाइपवर थोडे थांबतो, कारण "काहीच सांगत नाही" हे वर्णन सर्वांत तंतोतंत त्यालाच लागू पडते. समोरच्या बाजूने बंद केलेल्या सॉकेटवर (नेटवर्क जोडणीच्या आपल्याकडच्या टोकावर) किंवा पाइपवर लिहिले, की कर्नल हा सिग्नल पाठवतो आणि त्याची ठरलेली कृती म्हणजे प्रोसेस संपवणे. सेगफॉल्टसारखी कोअर फाइल तो कधीच पाडत नाही आणि कर्नल लॉगमध्येही त्याची ओळ उमटत नाही. त्यामुळे कोअर फाइलची सगळी व्यवस्था चोख लावून वाट पाहत बसले, तरी हाती काही लागत नाही.

आमच्या बोर्डावर घडत होते ते असे. प्रोग्राम दर पाच मिनिटांनी आधी संदेशाचा मथळा सॉकेटवर लिहीत असे, मग एकेक मीटर वाचत असे आणि सगळे वाचून झाले की मुख्य मजकूर लिहीत असे. ९६०० बॉडच्या तारेवर तीस मीटर वाचायला सुमारे पाच सेकंद लागत. सर्व्हर पाच मिनिटे काहीच न आल्यास जोडणी बंद करत असे. मागचा शेवटचा बाइट आणि पुढचा मथळा यांत २९५ सेकंदांचे अंतर राहत असल्यामुळे एरवी सगळे निभावून जात होते. पण रात्री मोबाइलची जोडणी क्षणभर अडखळली, की मथळा सर्व्हरकडे तीनशे सेकंद उलटल्यावर पोहोचायचा. तोवर सर्व्हरने जोडणी बंद केलेली असायची आणि उशिरा आलेल्या त्या मथळ्याला तो रीसेट (जोडणी संपल्याचा संकेत) पाठवून उत्तर द्यायचा. मथळा लिहिणारा पहिला राइट यशस्वी ठरलेला असायचा, कारण राइट यशस्वी होणे म्हणजे मजकूर आपल्याच कर्नलच्या बफरात पोहोचणे, सर्व्हरकडे पोहोचणे नव्हे. त्याच वेळी एखादा मीटर उत्तर देत नसेल आणि तीन-तीनदा विचारण्यात पाचाऐवजी आठ-दहा सेकंद गेले असतील, तर मजकूर लिहिणारा दुसरा राइट तो रीसेट येऊन गेल्यावर घडायचा, आणि तिथेच प्रोग्राम मरायचा. जोडणीचे अडखळणे आणि मुका मीटर हे दोन्ही एकाच वेळी जुळायला दोन-तीन दिवस लागत. आणि टेबलावर एकच मीटर आणि केबलचे नेटवर्क असल्यामुळे ते कधीच जुळत नसे.

शिवाय आम्ही खात्री करून घेण्यासाठी पायथनमध्ये लिहिलेला चाचणी प्रोग्राम त्याच सर्व्हरशी जोडून शीतगृहात ठेवला होता. तो कधी मेला नाही आणि त्यावरून आम्ही नेटवर्क निर्दोष ठरवले. पायथन सुरू होतानाच सिगपाइपकडे दुर्लक्ष करण्याची व्यवस्था करून घेतो आणि त्याऐवजी त्रुटी उचलतो, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाही. दोन भाषांतल्या प्रोग्रामांची अशी तुलना करताना हा फरक जरूर ध्यानात ठेवावा.

दुरुस्ती दोन पातळ्यांवर करता येते. स्वतःच्या सॉकेटवर सेंड वापरत असाल, तर एमएसजी-नोसिग्नल हा फ्लॅग द्यावा. पण ओपनएसएसएलसारखी एन्क्रिप्शनची लायब्ररी मधे असेल, तर तिच्या आतल्या राइटला हा फ्लॅग आपल्याला देता येत नाही, तिथे प्रोग्रामच्या सुरुवातीलाच सिगपाइप दुर्लक्षित ठेवावा. त्यानंतर राइट उणे एक परत करतो आणि एररनोमध्ये (शेवटच्या त्रुटीच्या क्रमांकात) ईपाइप येतो. तो तपासून जोडणी नव्याने करणे हा दुरुस्तीचा निम्मा भाग आहे. तो सोडून दिला, तर मरणारा प्रोग्राम आता मेलेल्या सॉकेटवर अखंड लिहीत बसतो आणि प्रोसेसर शंभर टक्के व्यापतो, जे दुरून शोधायला आणखी कठीण. प्रोग्राम लगेच बदलता येत नसेल, तर तात्पुरता उपाय म्हणून रॅपर स्क्रिप्टमध्ये ट्रॅप आज्ञेने सिगपाइपपुढे रिकामी कृती द्यावी. दुर्लक्षित केलेला सिग्नल एक्झेकनंतरही (शेलने प्रोग्राम सुरू केल्यावरही) दुर्लक्षितच राहतो, त्यामुळे मूळ बायनरीला हात न लावता मृत्यू थांबतो. आम्ही शीतगृहात पहिल्या रात्री हेच केले.

१३९ आला, तर मार्ग वेगळा. इथे कोअर फाइल हवी आणि ती न मिळण्याची कारणे ठरलेली असतात. कोअरच्या आकाराची मर्यादा बहुतेक बोर्डांवर शून्य असते; ती रॅपर स्क्रिप्टमध्येच यूलिमिटने उठवावी, कारण लॉगिन केलेल्या शेलमध्ये उठवलेली मर्यादा इनिटने सुरू केलेल्या प्रोसेसला लागू होत नाही. दुसरे, कर्नलच्या कोअर-पॅटर्नमध्ये नुसते "कोअर" असे नाव असेल, तर फाइल प्रोसेसच्या चालू डिरेक्टरीत पडते, आणि इनिटने सुरू केलेल्या प्रोसेसची चालू डिरेक्टरी म्हणजे सहसा मूळ डिरेक्टरी, जी स्क्वॉशएफएस या आकुंचित फाइलप्रणालीवर केवळ वाचता येण्याजोगी असते. कोअर पडत नाही आणि तसे कोणी सांगतही नाही. म्हणून तिथे लिहिता येणाऱ्या विभाजनाचा पूर्ण मार्ग लिहावा. जागा अपुरी असेल, तर कोअर-पॅटर्नच्या सुरुवातीला उभी रेघ देऊन कोअर जीझिप करणाऱ्या छोट्या स्क्रिप्टकडे वळवता येते. त्या स्क्रिप्टचाही मार्ग पूर्णच द्यावा लागतो. तिसरे, प्रोग्राम रूट म्हणून सुरू होऊन पुढे साध्या वापरकर्त्याचे अधिकार घेत असेल, तर सुइड-डंपेबल शून्य असताना कर्नल त्याची कोअर पाडत नाही.

एवढे करूनही बोर्डावर कोअरला जागाच नसेल, तर ३२ बिटांच्या आर्म कर्नलला त्याबाबत बोलते करता येते. कर्नल डीबग-यूजर पर्यायासह बांधावा आणि बूटच्या ओळीत यूजर-डीबग बरोबर ३१ असे द्यावे. मग प्रत्येक सेगफॉल्टला रजिस्टरांसह एक नोंद डीमेसेजमध्ये येते. हा पर्याय दिलेला नसेल, तर तोच कर्नल वापरकर्त्याच्या प्रोग्रामच्या सेगफॉल्टबद्दल अवाक्षरही काढत नाही, आणि लॅपटॉपवरच्या लिनक्सची सवय असलेला माणूस "डीमेसेज स्वच्छ आहे, म्हणजे सेगफॉल्ट नाही" असा चुकीचा निष्कर्ष काढतो. नोंदीतला प्रोग्राम काउंटर घ्यावा, बायनरी पाय (पीआयई, म्हणजे कुठल्याही पत्त्यावर लोड होऊ शकणारी) म्हणून बांधलेली असेल तर तिचा लोड झालेला मूळ पत्ता वजा करावा आणि उरलेला आकडा ॲडर-टू-लाइनला (पत्त्यावरून सोर्समधली ओळ सांगणाऱ्या साधनाला) द्यावा. मात्र त्यासाठी स्ट्रिप करण्यापूर्वीची (डीबगची माहिती काढून टाकण्यापूर्वीची) बायनरी जपलेली हवी. त्याच सोर्समधून नव्याने बांधलेली बायनरी चालत नाही. पाठवलेल्या प्रत्येक आवृत्तीची मूळ प्रत बिल्ड-आयडीसह ठेवावी. ही शिस्त नसेल, तर कोअर मिळूनही ती वाचता येत नाही.

सेगफॉल्टचे एक कारण छोट्या बोर्डांवर वारंवार भेटते. ग्लिबसीवर नव्या थ्रेडला स्टॅक (फंक्शनांच्या स्थानिक चलांची जागा) सहसा ८ एमबी मिळतो. मसलवर तो १२८ केबी असतो, आणि जुन्या आवृत्त्यांत ८० केबीच होता. डेस्कटॉपवर वर्षानुवर्षे चाललेल्या फंक्शनात दोनशे केबीचा स्थानिक ॲरे असेल, तर मसलच्या बोर्डावर त्या थ्रेडने ते फंक्शन बोलावून ॲरेला हात लावताच प्रोग्राम मरतो. पॉइंटर तपासत राहण्याआधी थ्रेड तयार करतानाच्या गुणधर्मांत स्टॅकचा आकार स्पष्ट देऊन पाहावा.

१३७ दिसला, की बहुतेकांच्या मनात मेमरी संपल्याचा विचार येतो आणि बहुधा तो बरोबर असतो. डीमेसेजमध्ये "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस" अशी ओळ आणि त्याआधी सर्व प्रोसेसांची यादी असते. पण कर्नल लॉगचा बफर गोल असतो आणि मोडेमचा ड्रायव्हर बडबडा असेल, तर तासाभरात ती ओळ पुसली जाते. रॅपर स्क्रिप्टने डीमेसेज लगेच उचलावे असे वर सांगितले, ते यासाठीच. शिवाय मारली गेलेली प्रोसेस आणि मेमरी खाणारी प्रोसेस एकच असेल असे नाही, तेव्हा यादीतले आरएसएसचे (प्रत्यक्ष व्यापलेल्या रॅमचे) आकडे वाचावेत. मेमरीचा आलेख पाहताना मेमफ्री न पाहता मेमअव्हेलेबल पाहावे. फाइल कॅशमुळे मेमफ्री कायम उतरतच जातो आणि गळती नसताना गळतीचा भास होतो. डीमेसेज खरोखरच स्वच्छ असेल, तर आपलीच एखादी वॉचडॉग स्क्रिप्ट किल उणे नऊ देते आहे का, ते शोधावे.

१३५ आला, तर कोडआधी साठवणीवर संशय घ्यावा. प्रोग्रामची पाने गरज पडेल तशी एसडी कार्डावरून आणली जातात. कार्ड खराब होऊन एखादे पान वाचता आले नाही, तर सिगबस येतो, आणि तो नेमका क्वचित चालणाऱ्या फंक्शनात येत असल्यामुळे कोडच सदोष वाटतो. १३२ मागे बहुधा चुकीचा कंपायलर पर्याय असतो, उदाहरणार्थ निऑन (आर्मचा वेगवान गणितासाठीचा सूचनासंच) नसलेल्या चिपवर निऑनसाठी बांधलेली लायब्ररी.

लॉगबद्दल एक इशारा द्यायला हवा. स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलवर असते तेव्हा प्रत्येक ओळीला बाहेर पडते. फाइल किंवा पाइपकडे वळवले, की काही केबींचा बफर भरेपर्यंत आतच साठते आणि सिग्नलने मृत्यू आला तर ते सगळे प्रोग्रामबरोबर जाते. म्हणून लॉगमधली शेवटची ओळ ही प्रोग्रामने केलेली शेवटची गोष्ट असे मुळीच समजू नये. सेटव्हीबफने ओळीगणिक बफर ठेवावा किंवा निदान शोध चालू असेपर्यंत संदेश स्टँडर्ड एररवर लिहावेत, आणि ते देव-नलकडे (आउटपुट टाकून देण्याच्या जागेकडे) वळवलेले नाही हे पाहावे. ग्लिबसीला हीप (प्रोग्रामने चालू असताना मागून घेतलेली मेमरी) बिघडल्याचे कळते, तेव्हा अबॉर्ट करण्यापूर्वी ती एक ओळ लिहिते. १३४ आला असताना ती एक ओळ अर्धे काम वाचवते.

फ्रीआरटॉससारख्या, प्रोसेसांची भिंत नसलेल्या प्रणालींवर एक्झिट कोड नावाची गोष्टच नाही. तिथे एक टास्क दुसऱ्याची मेमरी बिघडवते आणि तिसरीच टास्क अडकते. त्यासाठी स्टॅक ओव्हरफ्लोची तपासणी दोन या पातळीवर चालू ठेवावी आणि प्रत्येक टास्कचा हाय-वॉटर-मार्क (आजवर कमीत कमी किती स्टॅक उरला तो आकडा) अधूनमधून छापावा. टास्क तयार करताना दिलेला स्टॅकचा आकार मूळ फ्रीआरटॉसमध्ये बाइटांत नसून वर्डांत असतो, म्हणजे कॉर्टेक्स-एमवर चौपट, हेही विसरू नये. हार्डफॉल्टचा हँडलर बहुतेक नमुना प्रकल्पांत नुसता अनंत लूप असतो. त्याऐवजी स्टॅकवर आपोआप ठेवलेली आठ रजिस्टरे आणि सीएफएसआर (फॉल्टचे कारण सांगणारे रजिस्टर), रीसेटनंतर शून्य न होणाऱ्या रॅमच्या विभागात लिहावीत, मग रीसेट करावा आणि बूट झाल्यावर ती पाठवावीत. शून्य पत्ता वाचल्यावर इथे अनेक चिपांवर काहीच घडत नाही, कारण त्या पत्त्यावर व्हेक्टर टेबल असते. नल पॉइंटर वाचणारा कोड सुखेनैव पुढे जातो आणि फॉल्ट भलतीकडेच उमटतो.

शेवटी, लावलेली ही सगळी व्यवस्था जागेवर पाठवण्यापूर्वी मुद्दाम तपासावी. चालू प्रोग्रामला हाताने ११, ६, ९ आणि १३ हे सिग्नल पाठवावेत. प्रत्येक वेळी नोंद झाली का, ११ आणि ६ ला कोअर पडली का आणि ती आपल्या टेबलावरच्या जीडीबी या डीबगरमध्ये ओळ क्रमांकासह उघडते का, हे पाहावे. सिगपाइप दुर्लक्षित केला असेल, तर १३ पाठवल्यावर प्रोग्राम जिवंत राहायला हवा, आणि येणारी जोडणी स्वीकारून लगेच बंद करणाऱ्या खोट्या सर्व्हरला जोडले असता लॉगमध्ये ईपाइप दिसून नवी जोडणी व्हायला हवी. आम्ही हे पुन्हा पुन्हा केले, तेव्हा पहिल्या तीन कोअर व्यवस्थित पडल्या आणि चौथी अर्धवट निघाली, कारण विभाजन भरले होते. तेव्हापासून रॅपर स्क्रिप्ट प्रोग्राम सुरू करण्याआधी सर्वांत नव्या दोन कोअर ठेवते आणि बाकीच्या पुसते.